अनसूयाकाकींचं तवसं

अनसूयाकाकी डोळे मिटून बी निवडायच्या. पाय लांब सोडलेले, लुगड्यावर नवऱ्याचा गिरणीतला खाकी शर्ट, मांडीवर सूप आणि डोळे बंद. बोटं मात्र सुपात फिरत असायची. पोकळ बी डावीकडे, भरलेलं उजवीकडे. मध्येच एखादं बी पुढच्या दातांत धरून चावायच्या. टक् असा आवाज आला की म्हणायच्या, ‘‘वाजलां.’’ म्हणजे बी पुरतं सुकलं, आता राखेत घालायला हरकत नाही. नाही वाजलं तर सगळं सूप पुन्हा उन्हात.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना मोतीबिंदू झालेला नव्हता. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं त्या मोतीबिंदूवर ढकललं गेलं. आमच्या वाडीवर येणाऱ्या पाहुण्यांना काही महिने सांगितलं जायचं, ‘‘एक काकी होत्या इथे. फार जुनं तवशाचं बी होतं त्यांच्याकडे. पण शेवटी शेवटी दिसायचं नाही त्यांना, बियांची सरमिसळ झाली आणि ते गेलं.’’ मी तिथेच पाण्याचा पाइप धरून उभा असायचो आणि ऐकायचो. ते बी काकींमुळे गेलं नाही. ते माझ्यामुळे गेलं.

वाडी गोराईला. बोरिवलीहून खाडी ओलांडली की पाऊण तासाची चाल. एका बाईंनी आपली जमीन हयातीतच एका विश्वस्त संस्थेच्या नावे करून टाकली आणि तीन अटी घातल्या. जमीन विकायची नाही, कुणा एकाच्या नावावर करायची नाही, तिच्यात विष घालायचं नाही. जो राबेल तो राहील. राहणारे आम्ही नऊजण. विहीर एक, स्वयंपाकघर एक. वाफे आणि मांडव सांभाळायला वाटून दिलेले, पीक मात्र सगळ्यांचं.

मी तिथे गेलो तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होतो. लग्न मोडलं होतं, विम्याच्या कचेरीतली नोकरी मी सोडली होती. वाढलो चेंबूरला. वडील जालन्याकडून आले, आजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले. आमच्या घराण्यात वीतभर जमीन कधी कुणाच्या नावावर नव्हती. वाडीवर ती कुणाच्याच नावावर नव्हती, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी याबाबतीत इतरांच्या बरोबरीचा होतो. कुणी मला तसं बोलून दाखवलं नाही. पण मिलिंदला शेती जमते का, याकडे सगळे बघतायत असं मला सतत वाटायचं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. मीच माझ्याकडे बघत होतो.

काकी माझ्याआधी सहा-सात वर्षं आलेल्या. नवरा परळच्या गिरणीत होता. गिरणी गेली, मग नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. येताना इतरांनी कपाटं, पंखे, पुस्तकांची खोकी आणली होती. काकींनी एक सुकवलेला दुधी भोपळा आणला. वरून कापून टोपणासारखं झाकण केलेलं, आत राख आणि राखेत तवशाचं बी. तवसं म्हणजे आपल्या काकडीचं कोकणातलं थोरलं भावंड. कोवळं असताना काकडीसारखंच दिसतं, पण वेलीवर ठेवलं तर हातभर होतं, पिवळं पडतं आणि त्याच्या सालीवर जाळी येते. ते बी काकींच्या सासूच्या माहेरचं. परळच्या चाळीत असतानाही त्या दर पावसाळ्यात रॉकेलच्या डब्यात एक वेल लावायच्या. त्यावर एक-दोन तवशी यायची. खाण्यासाठी नाही, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी.

वाडीचा नियम असा की आणलेलं बी जमिनीचं. संजीवनीताईंनी, म्हणजे आमच्यातल्या सर्वांत जुन्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यांनी आपण होऊन सुचवलं होतं की काकी, थोडं मुलुंडला भाचीकडे ठेवा हवं तर. त्यावर काकी म्हणाल्या होत्या, ‘‘अर्धां ठेवन अर्धां दिलां, तर ता दिलां कसां म्हणतले?’’ आणि अख्खा भोपळा बियांच्या खोलीत फळीवर ठेवला. तेव्हापासून ती खोली त्यांची झाली. नावावर नव्हे, पण किल्ली त्यांच्या कमरेला.

‘ऑर्गॅनिक’ या शब्दाचं त्यांना फार हसू यायचं. रविवारी अंधेरी-मालाडकडून माणसं शेत बघायला यायची. त्यांतल्या एका बाईंनी एकदा अगदी आदराने विचारलं, ‘‘काकी, तुम्ही किती वर्षं ऑर्गॅनिक आहात?’’

काकींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ‘‘मी जल्मल्यापासून. तुम्ही कधी बिघडलात?’’

माझ्या हातात सतत पुस्तक असायचं याचाही त्यांना राग. ‘‘मेल्या, ता बाजूक ठेव. मातयेत हात घाल. ती काय चावता तुका?’’ माझी मात्र पुस्तकातलं वाचून दाखवायची हौस काही जायची नाही. एकदा मी त्यांना परागीभवनावरचं एक प्रकरण वाचून दाखवलं. मधमाशा कुठल्या कुठे जातात, एका मांडवावरचं दुसऱ्या मांडवावर कसं नेतात, एका जातीत दुसरी कशी मिसळते आणि ते त्या वर्षीच्या फळात अजिबात दिसत नाही, बियांत शिरून पुढच्या वर्षी कसं बाहेर येतं. काकी डोळे मिटून सूप चाळत होत्या. म्हणाल्या, ‘‘माझी सासू ह्यांच सांगी. पन्नास वर्सां झाली. तुझ्या पुस्तकाक आता कळलां?’’ म्हणजे हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं अशी पळवाट मला नाही.

नितीनची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. नितीन मालाडच्या कुठल्याशा कंपनीतली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आलेला, वयाने आमच्यात सगळ्यांत लहान, तरी पस्तिशीचा. दरवर्षी वेलीवरचं पहिलं उत्तम तवसं काकी बियांसाठी राखायच्या आणि त्याच्या देठाला लुगड्याच्या लाल काठाची चिंधी बांधायच्या. त्याला हात लावायचा नाही. एका वर्षी चिंधी पावसाने गळून पडली आणि स्वयंपाकाची पाळी असलेल्या नितीनने ते नेमकं तवसं कापून कोशिंबीर केली. सगळे जेवायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो पातेलं हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘काकी, वाट लागली. चिंधीवालं माझ्याकडून कापलं गेलं.’’

काकींनी ताटातली कोशिंबीर बघितली. मग खाल्ली. पानात काही टाकलं नाही, पण दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी लाल काठाची एक पट्टी नितीनच्या हातात ठेवली. ‘‘आता दुसऱ्याक तू बांध. आनि पाऊस पडलो की रोज बघून ये, गाठ हा की सुटली.’’ तेव्हापासून चिंध्या बांधायचं काम नितीनचं.

दोन दिवस. कबूल केलेल्या चुकीची काकींकडे एवढीच शिक्षा होती. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी त्यांनी मला बोलावलं. माझा तळहात उघडायला लावला आणि त्यावर बारा बिया ठेवल्या, एकेक करून. ‘‘यंदा विहिरीकडचो मांडव तुझो.’’ तो मांडव म्हणजे मानाचा. मला इतका आनंद झाला की मी त्या बिया सरळ जमिनीत लावल्याच नाहीत. पुस्तकात होतं तसे छोटे कुंडे केले, गाळलेलं खत भरलं आणि दिवसातून तीन-तीन वेळा पाणी घातलं. रोपं आली, दोन पानांवर गेली आणि एका आठवड्यात बुडातून कुजली. बाराच्या बारा.

काकींच्या खोलीत आणखी बी होतं. दहा पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, काकी, मेली माझी रोपं. एवढंच. फार तर ‘पुस्तकवाल्या’ म्हणून चिडवलं असतं. मी गेलो नाही. मी बोटीने खाडी ओलांडून बोरिवलीला गेलो, रस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून संकरित काकडीची डझनभर रोपं घेतली आणि भाजीच्या पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून वाडीवर आणली. दुपारी सगळे जेवून आडवे झाले होते तेव्हा लावली. कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात, हे मी मनाशी धरून होतो. फळं लहानपणीच तोडायची, स्वयंपाकघरात द्यायची, हंगाम संपला की वेल उपटून टाकायचा. मग कुणाला कळणार?

वेल दणकून वाढला. नितीन म्हणाला, ‘‘मिलिंददा, झकास रे! काकींच्या पुढे गेलास तू.’’ मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

काकींच्या डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरायला लागला होता. एका सकाळी त्या चाचपडत माझ्या मांडवाशी आल्या. पान बोटांत घेऊन चुरलं, देठावरून अंगठा फिरवला. एक कोवळी काकडी तोडून चावली आणि बराच वेळ चघळत राहिल्या.

‘‘गोड आसा,’’ म्हणाल्या.

मी मांडवाची सुटलेली सुतळी बांधत राहिलो.

‘‘मिलिंदा, माका काय सांगूचां आसा?’’

‘‘नाही काकी. काय सांगायचं?’’

‘‘तेच बी ना रे? मी दिलेलां?’’

‘‘तेच की.’’

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. ‘‘बरां. तू सांगतंस ना, मगे बरां.’’

त्यांच्या मांडवावर तेव्हा फुलं नुकती लागत होती. मी त्या क्षणी खरं बोललो असतो तर माझा वेल तासाभरात उपटून झाला असता. किंवा त्यांनी आपली चार फुलं मधमाशांपासून फडक्याच्या पिशवीत बांधून राखली असती, ते त्यांना सासूने शिकवलेलं होतं. शंका त्यांना आलीच होती. पण मी ‘तेच की’ म्हटलं, म्हणून त्यांनी फडकी बांधली नाहीत. त्यांच्या बोटांनी खरं सांगितलं होतं. त्यांनी बोटांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

त्या वर्षी त्यांच्या वेलीवर तवशी नेहमीसारखीच आली, हातभर, जाळीदार. नितीनने चिंध्या बांधल्या. काकींनी बी काढलं, वाळवलं, वाजवून बघितलं आणि रिवाजाप्रमाणे भोपळ्यातलं जुनं बी शेजारच्या वाड्यांवर वाटून नवं राखेत भरलं. मी ते बघत होतो. तेव्हाही वेळ गेलेली नव्हती. जुनं बी वाटू नका, एवढं म्हणायचं होतं. पण का, असं त्यांनी विचारलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात ते उघडं पडलं. कुठे आखूड, कुठे पट्ट्यापट्ट्यांचं, कुठे कडू. हातभर वाढलेलं, जाळी आलेलं एकही नाही. गणपतीला काकी तवशाचं धोंडस करायच्या, तांदळाच्या कण्या, गूळ आणि किसलेलं पिकं तवसं घालून निखाऱ्यावर भाजलेला केक म्हणा ना. त्या वर्षी धोंडस पातेल्यातून निघालं ते लिबलिबीत. काकींनी एक घास घेतला आणि उरलेलं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या शेजारच्या वाड्यांवर हिंडल्या. काठी टेकत, दारोदार. ‘‘मी दिलेलां बी आसा काय गे थोडां?’’ लोकांनी लावलं होतं, खाल्लं होतं, संपलं होतं. बी कोण ठेवतो? गावाकडे जावेला फोन लावायला सांगितला. फोन मीच लावून दिला. तिकडे घर बंद, लावणी बंद.

मग बैठक झाली. आमच्याकडे निर्णयाची एक रीत आहे. बोलणं संपलं की प्रत्येकाने एक सुका वाल घ्यायचा, मूठ मिटून मडक्यात घालायची. मान्य असेल तर दाणा सोडायचा, नसेल तर मुठीतच ठेवून हात काढायचा. नऊ भरले तरच गोष्ट होते. एक जरी कमी पडला तरी विषय तिथेच सोडायचा, आणि कुणाचा कमी ते विचारायचं नाही. ज्याच्याबद्दल निर्णय असेल त्यालाही दाणा असतो. दुसऱ्या दिवशी ते वाल भिजवून उसळीत जातात.

संजीवनीताई अगदी प्रेमाने बोलल्या. तेच ऐकवत नव्हतं. ‘‘काकी, कुणी दोष देत नाहीये. वय होतं, डोळे दमतात. स्वयंपाकघरातल्या बाजारच्या काकड्यांचं बी उन्हात पडलेलं असेल, ते चुकून आपल्यात गेलं असेल. होतं असं. बियांची खोली आता नितीनकडे देऊ या? तुम्ही नुसतं सांगत राहा.’’

नितीन म्हणाला, ‘‘काकी, तुम्हाला विचारल्याशिवाय मी एक भोपळा उघडणार नाही, शप्पथ.’’

काकी म्हणाल्या, ‘‘मोतीबिंदू डोळ्यांका झालो आसा. बोटांका झालो नाय.’’

सगळे हसले, मायेने. बाजारच्या काकडीचं बी चपटं आणि बारीक, तवशाचं लांब आणि भरलेलं. झोपेतसुद्धा त्या बोटांकडून सरमिसळ झाली नसती. हे तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं होतं, पण मोतीबिंदू म्हटलं की सगळं सोपं होत होतं. आणि मी तर ते सोपं होण्याची वाटच बघत होतो.

मडकं फिरलं. दाणा मुठीत ठेवला असता तरी पुरे होतं. काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती, खोली काकींकडे राहिली असती आणि कुणी मला विचारलं नसतं. माझ्यासारख्या भित्र्या माणसासाठीच केल्यासारखी ती रीत. मी हात घातला आणि दाणा सोडला. माझ्यानंतर काकी होत्या. मडक्याच्या काठावर त्यांची बांगडी वाजली.

त्या दिवशी मोजायची पाळी माझी होती. मी मडकं सुपात पालथं केलं आणि मोजले. नऊ.

काकींनी आपला का सोडला, हे मला आजवर सुटलेलं नाही. आपल्या बोटांवरचा त्यांचा विश्वास खरंच उडाला होता का? की एक दाणा कमी पडला असता तर पुन्हा पुन्हा बैठक झाली असती, खोदकाम झालं असतं आणि ते कुठे जाऊन थांबलं असतं हे त्यांना कळलं होतं? पहिलं खरं असेल तर मी त्यांची बोटं घेतली. दुसरं खरं असेल तर त्यांनी मला वाचवलं. दोन्हींपैकी कुठलं बरं, ते मला ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची पाळी काकींची होती. त्यांनी ते वाल शिजवले. मी ते खाल्ले. चांगले झाले होते.

किल्ली त्यांनी नितीनला दिली, कडी कशी अडकते तेही दाखवलं. महिनाभराने भाची लता डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना मुलुंडला घेऊन गेली. आठ दिवसांत येते म्हणाल्या होत्या. आल्या नाहीत. ‘‘तिकडे आता काय काम आसा माका?’’ असं लताला म्हणाल्याचं पुढे कळलं.

दिवाळी झाल्यावर मी मुलुंडला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वाक्यं तयार होती. लताचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिने दार उघडलं आणि ती आत चहा ठेवायला गेली. काकी गॅलरीत बसल्या होत्या. डोळ्यांना हिरवा चष्मा, अंगात तोच खाकी शर्ट. मला जवळ बोलावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बघत राहिल्या.

‘‘लख्ख दिसता आता. म्हातारो झालंस रे तू.’’

‘‘झालो खरा.’’

‘‘केस पांढरे झाले. डोळ्यांखाली काय ह्या काळां? झोपणंस नाय?’’

त्यांनी नजर काढली नाही. ‘‘बोल,’’ म्हणाल्या.

तेच ते. दुसऱ्यांदा. या खेपेला त्यांना मी दिसतही होतो.

तेवढ्यात लता चहा घेऊन आली. मी कप घेतला. ‘‘चहा झकास झालाय,’’ मी म्हणालो.

काकींनी चष्मा खाली ओढला. मग वाडीची विचारपूस केली. विहिरीला पाणी किती, नितीन राख बदलतो का, संजीवनीताईंचा गुडघा कसा आहे. तवशाचं नाव काढलं नाही. त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर काही बी वाळत घातलेलं होतं. मी बघतोय हे बघून म्हणाल्या, ‘‘बाजारातल्या काकडीचां. लता कोशिंबीर करता, तेतूरचां.’’

‘‘हे रुजेल?’’

‘‘नाय रुजूचां. कोवळ्या काकडीचां बी कसां रुजतला? माका म्हायत हा.’’ बोटं बियांवरून फिरत होती. ‘‘हातांका काय तरी होया.’’

माघात त्या गेल्या. झोपेतच, लताचा फोन आला. त्यानंतरच्या बैठकीत मी उठून सगळं सांगितलं, आता इथे लिहिलंय तसं, रोपवाटिका, मेथीची जुडी, ‘तेच की’. नितीन उठून बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन बसला. संजीवनीताई म्हणाल्या, ‘‘घाबरला असशील तू तेव्हा.’’ मी वाडीवर राहावं, यावर मडकं फिरवा, असा हट्ट मीच धरला. आठजण होतो. एक तरी दाणा कमी यावा असं मला फार वाटत होतं. आठ भरले. त्यात माझाही होता. तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

आता पाहुण्यांना नितीन खरं ते सांगतो, माझं नाव न घेता. मी जवळ असलो तर नाव सांगतो. सगळ्यांना सांगून झालं. जिला सांगायचं होतं ती सोडून.

त्या दिवशी मुलुंडहून निघताना मी खाली रस्त्यावर येऊन वर पाहिलं होतं. काकी गॅलरीच्या गजांशी बसलेल्या दिसत होत्या. कठड्यावर दोन कबुतरं येऊन बसली होती, बियांवर टपून. मी हात हलवला. काकींनी मला पाहिलं, नक्की पाहिलं, कारण हनुवटी जराशी उचलली. हात मात्र हलवला नाही. दोन्ही तळहात पालथे करून त्यांनी त्या वर्तमानपत्रावर झाकण घातलं होतं आणि कबुतरं उडेपर्यंत ते तसेच राहिले.